रविवारचा खोकला

डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर यांचा एक्स-रे उघडला आणि म्हणाल्या, "ताई, याला एआरडीएस म्हणतात. फुप्फुसांना अचानक झालेली मोठी इजा. आता व्हेंटिलेटर लावावा लागेल." जिथं काळं दिसायला हवं तिथं सगळं पांढरं होतं, एवढंच मला कळलं. मी सही केली.

आमचे हे मसाला मार्केटात माथाडी आहेत. पंचवीस वर्षं पाठीवर मिरचीची पोती वाहिली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्यात. ज्यांच्या घरी असलंच काम आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. आमच्या हातून झालेली चूक असलं काम नसलेल्या घरी झालीच नसती.

मिरचीच्या गल्लीत खोकला हा आजार नसतो. नवी मिरची आली की शेठ खोकतो, मुकादम खोकतो, चहावालाही खोकतो. हे घरी आले की शर्ट दाराबाहेर झटकायचे, तरी आत मला ठसका लागायचा. मग हातावर गुळाचा खडा आणि वर गरम पाणी, की झालं औषध. यंदाही तेच केलं. दहा दिवस मी गूळ देत राहिले. अकराव्या दिवशी संध्याकाळी हे जिन्याच्या दुसऱ्या वळणावर खाली बसले, ते उठेनात. ओठ निळे पडले होते.

हॉस्पिटलात आधी न्यूमोनिया निघाला. दोन दिवसांत त्याचा एआरडीएस झाला. दाखल करताना डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, सुट्टीच्या दिवशी, मिरची जवळ नसतानाही खोकला होता का? मी म्हणाले, नीट आठवत नाही. आठवत होतं. चांगलं लख्ख आठवत होतं.

आयसीयूबाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर माझे दिवस सुरू झाले. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला पाच मिनिटं आत सोडायचे. मधल्या वेळात फोन. फोनवर प्रत्येक नातेवाईक अर्धा डॉक्टर झालेला. कुणी ओव्याची धुरी सांगे, कुणी कुलदैवताचा अंगारा. मी सगळ्यांना हो म्हणे, कारण नाही म्हणायलाही ताकद लागते. मुलगी ऐरोलीला नोकरी करते. ती ऑफिस सुटलं की यायची आणि मला घरी पाठवायची. घरी जाऊन मी नुसती भिंतीकडे बघत बसायचे.

पाचव्या दिवशी डॉक्टरबाईंनी सांगितलं, जंतू आटोक्यात आलेत. ऑक्सिजन मात्र वाढवावा लागला होता. मला राग आला. जंतू मेले, तर माणूस सुधारत का नाही?

डॉक्टरबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांचेही डोळे ओढलेले होते. म्हणाल्या, फुप्फुसात बारीक बारीक हवेच्या पिशव्या असतात, त्यांना पातळ पेशींचं अस्तर असतं. पेशी रोजच मरतात. पण शिस्तीत मरतात. आकसतात, आपला पसारा आवरतात, आणि दुसऱ्या पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. याला अपॉप्टोसिस म्हणायचं. तुमच्या मिस्टरांच्या फुप्फुसात खूप पेशी एकदम फुटून मरतायत. ते नेक्रोसिस. फुटलेल्या पेशीतलं सगळं बाहेर सांडतं, शेजारच्या पेशींना जाळतं, त्याही फुटतात, आणि पिशव्यांत पाणी भरतं. त्यात आणखी एक. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींनी काम संपलं की मरायला हवं, तर त्या वेळेवर मरत नाहीत. तिथंच थांबून नासधूस करतात.

मी विचारलं, मग यावर औषध?

"हे मरणं नेमकं आवरता येईल असं औषध अजून आमच्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "संशोधन चालू आहे. आज आम्ही फुप्फुसाला नवीन इजा होऊ देत नाही, एवढंच करतो."

म्हणून व्हेंटिलेटरचा श्वास छोटा ठेवला होता. म्हणून रोज बरेच तास त्यांना पालथं झोपवायचे, पाठीकडचं फुप्फुस उघडावं म्हणून. ज्या पाठीवर आयुष्यभर पोती, ती पाठ पहिल्यांदाच अशी रिकामी दिसली. मला बघवलं नाही.

त्या संध्याकाळी टोळीचे मुकादम आले. मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं जमेल तसं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी पोतं फुटलंय, वैनी. खकाणा बसंस्तवर कुनी हलायचं न्हाई."

बाजारातली ही रीतच आहे. मिरचीचं पोतं फुटलं की टोळी जागच्या जागी थांबते. तोंडाला टॉवेल बांधतात आणि धूळ बसेपर्यंत कुणी काही उचलत नाही. धावपळ केली की खकाणा वाढतो आणि आणखी चारजण खोकत खाली बसतात. त्या दिवसापासून मला थांबणं थोडं जमू लागलं. भीती गेली नाही, पण दर तासाला नर्सला विचारणं मी सोडलं.

तेराव्या दिवशी व्हेंटिलेटरची नळी काढली. वॉर्डात आणल्यावर यांचा आवाज घोगरा, हात चिपाडासारखे. चार पावलं चालले की धाप लागायची. तिसऱ्या दिवशी पेज भरवताना मनात साचलेलं बोलून टाकलं.

"अहो, रविवारी बाजार बंद होता. तुम्ही दिवसभर घरी होता आणि तरी खोकत होता. मला ऐकू येत होतं. मिरचीच असेल म्हणत मी मिक्सर लावला, खोकला त्या आवाजात बुडाला."

यांनी चमचा बाजूला केला. बराच वेळ श्वास गोळा करत राहिले.

"मी गॅलरीत जाऊन खोकत हुतो," ते म्हणाले. "तुला ऐकू जाऊ ने म्हनून. सीझन हुता ना, खाडा परवडला नसता."

मी रडले. तेही रडले, पण रडण्यानं धाप लागली म्हणून नर्सनं दोघांनाही दटावलं.

आता पोती उचलणं कायमचं बंद. टोळीनं यांना काट्याजवळ बसून वजन सांगायचं काम दिलंय, मिरचीपासून दूर, हळदीच्या बाजूला. टोळीचे, त्या डॉक्टरबाईंचे आणि नर्सेसचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याकडे असं काम करणारं माणूस असेल, तर एवढंच करा. सुट्टीच्या दिवशी त्याचा खोकला ऐका.

आमच्याकडे रविवारी मिक्सर लागत नाही. मी पाट्यावर वाटते. आणि गॅलरीचं दार उघडं ठेवते.