फोटो नसलेला रविवार

नल्लकुंट्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ दर रविवारी कुटुंबाला ‘अनुभव’ द्यायला नेतात. कधी मॉलमधला बर्फ, कधी काचेच्या बोगद्यातले मासे. मुलं मासे बघतात. हे मुलांना बघतात, तेही मोबाइलच्या पडद्यावर. "यादगार पाहिजे ना हो!" हे त्यांचं पालुपद.

मागच्या रविवारी मलाही ओढून नेलं. ठार अंधारातून चालायचं दालन होतं. मोबाइल दारातच काढून घेतले. तासाभराने ते परत मिळाले, तेव्हा गृहस्थ करवादले, "एक फोटो नाही. बेकार गेला दिवस!"

त्यांची सात वर्षांची लेक मात्र खुशीत म्हणाली, "पप्पा, आज तुम्ही पूर्ण वेळ माझा हात धरला!"

"थांब, हेच परत बोल," म्हणत त्यांनी तिचा हात सोडला आणि मोबाइल समोर धरला.