सख्ख्या भावाची हरकत

गल्लीत बोललं जायचं ते असं: वडिलांचं घर भावाच्या घशात गेलं, म्हणून पाणीखात्यातल्या बहिणीने पाणीपट्टी वाढवून त्याची लाँड्री बुडवायचा घाट घातला. कोपऱ्यावरची दूधवाली तर हे शपथेवर सांगायची.

खरं नेमकं उलटं होतं. घरातला हिस्सा बहिणीने आपण होऊन सोडला, तेव्हाच भावाला धुलाईची मशिनं घेता आली. दरही ती ठरवत नव्हती. ते मंडळाचं काम. ती हिशेब मांडायची. पण मांडताना तिचा हात अडखळला नाही, हेही तितकंच खरं. लाँड्रीखालून जाणारं विटांचं गटार आजोबांच्याही आधीचं. गेल्या वर्षी ते खचलं, मैला पिण्याच्या पाण्यात शिरला आणि शेजारच्या शिंप्याची धाकटी मुलगी जुलाबांनी गेली. गटार बदलायचं तर पैसा हवा, पैसा दरवाढीतून यायचा, आणि ज्याचं पाणी जास्त त्याला चटका जास्त. लाँड्रीवाला तर भाजूनच निघणार होता.

लाँड्रीवाल्याच्या मुलीला सगळे ‘टेप’ म्हणत. एकदा ऐकलेला माणूस ती खोकल्यासकट वाजवून दाखवी. खात्याचे साहेब, दूधवाली, स्वतःचे बाबा, कुणी सुटलं नव्हतं. आत्याची नक्कल तेवढी जमत नसे. त्या आवाजात पकडायला काही कंगोराच नव्हता.

दर वाढवण्याआधी सुनावणी व्हायची, आणि तिथे आलेली प्रत्येक हरकत आत्याने उभं राहून, एकही शब्द न गाळता वाचायची असा नियम होता. शिवी असली तरी वाचायची. भावाची हरकत दुसऱ्या कुणाला देऊ, असं साहेबांनी सुचवून पाहिलं. त्यावर तिचं म्हणणं, मग लोक म्हणतील, बहिणीने दाबली.

बाबांनी शेवटी काय लिहिलंय ते टेपने पाहिलं होतं. ती आत्याकडे गेली तेव्हा आत्या दोरीवरचे कपडे काढत होती.

"शेवटची ओळ तू गाळणार," टेप म्हणाली. "लाव पैज."

"आणि हरलीस तर?"

"म्हणशील ते."

"मी सांगेन तो निरोप दादाला द्यायचा. तुझ्या स्वतःच्या आवाजात. माझी नक्कल नको, कुणाचीच नको."

पैज फुकटातच जिंकली, असं टेपला वाटलं.

सुनावणीला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एकाने लिहिलं होतं, खात्यातली माणसं आंघोळच करत नाहीत, त्यांना पाण्याचं मोल काय कळणार. हशा पिकला. आत्याने तेही त्याच सुरात वाचलं. शिंपी शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने हरकत दिली नव्हती.

मग लाँड्रीचा कागद आला. साबण, वीज, गिऱ्हाईक, सगळं वाचून झालं. टेप कान टवकारून बसली.

"हा दर मांडणारी बाई माझी सख्खी बहीण आहे," आत्याने वाचलं. "आजपासून मला बहीण नाही."

कुणी हसलं नाही. बाबा बुटांकडे बघत राहिले. आवाज कुठे चिरकेल म्हणून टेप वाट बघत होती, तो चिरकला नाही. आत्याने कागद पालथा ठेवला आणि रीतीप्रमाणे उत्तर दिलं: "लाँड्रीवर बोजा पडेल हे खरं आहे. म्हणून वाढ टप्प्याटप्प्याने सुचवली आहे. गटार टप्प्याटप्प्याने खचत नाही."

दरवाढ मंजूर झाली. पायऱ्यांवर टेपला निरोप सांगून आत्या बसकडे चालू लागली.

बाबा दुकानात चादर इस्त्री करत होते. टेप समोर उभी राहिली. सवयीने घशात आधी दूधवालीचा सूर आला, मग साहेबांचा. दोन्ही गिळून ती बोलली, तर आवाज भलताच बारीक निघाला.

"आत्याने सांगितलंय, आपल्याच गल्लीपासून खोदायला घेणार आहेत. मशिनं बंद राहतील. तोवर गिऱ्हाइकांचे कपडे तिच्याकडे आणून धुवा म्हणाली."

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तिच्याकडे," त्यांनी विचारलं, "नळ किती वाजता येतो?"