साडूंची हरकत

अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका आडगावच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमवर अबुधाबीत बसून रोज सकाळी सव्वासहा वाजता संतापणारा माणूस साऱ्या जगात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही. गेली चार वर्षं मी त्यांच्या गाडीतून मोहम्मद बिन झायद सिटीहून मुसफ्फाच्या औद्योगिक भागात कामावर जातो. ऑगस्ट उजाडला की बाहेर भट्टी पेटलेली असते आणि आत साडू पेटलेले असतात. त्या टीमचे सामने महिनाअखेरीस सुरू होतात. त्याआधी महिनाभर नुसता सराव चालतो आणि त्या सरावाच्या बातम्या छापून येतात. कोणाचा घोटा मुरगळला, कोणाचं वजन वाढलं, कोण पहिल्या फळीत आणि कोण राखीव. मी सीटबेल्ट लावायच्या आत पहिली बातमी येते. ''ऐकलंत का साडूभाऊ? त्या गाढवांनी पुन्हा लेफ्ट टॅकल बदलला!'' मला लेफ्ट टॅकल म्हणजे काय हे आजही नीट माहीत नाही, पण तो बदलला की आपण गप्प बसायचं असतं, एवढं मी शिकलो आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपण समजतो तो नव्हे, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. लांबट चेंडू हातात घ्यायचा, डोक्यावर हेल्मेट घालायचं, समोरच्याला आडवं करत पुढे सरकायचं आणि दर पाच सेकंदांनी थांबून गोलात मीटिंग घ्यायची, असा तो खेळ. ''म्हणजे आपल्या ऑफिससारखंच की,'' असं मी एकदा म्हणालो, तर साडू दोन सिग्नल माझ्याशी बोलले नाहीत. चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा जो मुख्य गडी, तो क्वार्टरबॅक. टीमचं बोधचिन्ह साळिंदर आहे. पन्नाशी उलटलेला, स्टीलच्या वर्कशॉपचा प्रॉडक्शन इनचार्ज असलेला, दिवसभर वेल्डरांवर ओरडणारा गृहस्थ ''यंदा आपली साळिंदरं काही खरी नाहीत'' असं कळवळून म्हणतो, तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाने तोंड कुठे लपवावं?

पण हे वेड मूळचं त्यांचं नव्हे. त्यांची एकुलती एक मुलगी सई त्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला गेली. सई जन्मली, वाढली इथलीच. आईबापांनी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा त्या घरचा रिवाज. तिकडे गेल्यावर दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला तिचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची. साडू विचारायचे, ''अभ्यास कसा चाललाय?'' ती म्हणायची, ''फाइन.'' ''जेवतेस ना नीट?'' ''या.'' दीड मिनिटात खलास. फोन ठेवल्यावर साडू पाच मिनिटं उगाच काळ्या पडद्याकडे बघत बसायचे. मग एका रविवारी ती बोलता बोलता म्हणाली की काल स्टेडियमवर गेले होते, आपण शेवटच्या मिनिटाला हरलो. साडूंनी सहज विचारलं, ''कसे काय हरलात?'' आणि सई तब्बल पस्तीस मिनिटं बोलली. मध्ये चिडली, हसली, ''बाबा, यू हॅव टु अंडरस्टँड'' असं चार वेळा म्हणाली. सोमवारी सकाळी साडू गाडीत म्हणाले, ''एवढी ती सहावीत असल्यापासून माझ्याशी बोलली नव्हती.'' त्याच दिवशी त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं आणि माझ्या मागे साडेसाती लागली.

अर्धवट काही करणं त्यांच्या स्वभावात नाही. जुलै लागला की ते वर्कशॉपच्या मॅनपॉवर चार्टवर टीम मांडतात. वर चढाई करणाऱ्यांची डे शिफ्ट, खाली बचाव करणाऱ्यांची नाइट शिफ्ट, असे अकरा आणि अकरा. जखमी गड्याच्या नावापुढे ''सिक लीव्ह''. दोन गडी क्वार्टरबॅकच्या जागेसाठी भांडत असल्याची बातमी आली, तेव्हा ते स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, ''यात महिनाभर विचार काय करायचाय? दोघांना उभं करा, ट्रेड टेस्ट घ्या, जो पास तो आत. यल्ला, खलास! मी वेल्डर असा घेतो की नाही?'' सरावात मुलांना उन्हाचा त्रास झाला आणि बत्तीस डिग्रीला पेपरने ''भीषण उष्मा'' म्हटलं, त्या दिवशी तर त्यांनी गाडी बाजूला घेऊन मला ती ओळ वाचून दाखवली. बाहेर सत्तेचाळीस होतं. ''बत्तीस! आमच्याकडे बत्तीसला माणसं स्वेटर शोधतात! मुसफ्फाला या म्हणावं एक दिवस!'' आणि लगेच खालच्या आवाजात, ''पण दुपारची सुट्टी द्यायला पाहिजे पोरांना. इथे साइटवर देतात, तिथे द्यायला काय जातं त्यांचं?''

सगळ्यात मोठा राग त्या क्रमवारीचा. एकही सामना झालेला नसताना तिकडचे पत्रकार टीमांना नंबर देऊन मोकळे होतात. साळिंदरांना चौदा टीमांत अकरावा दिला. ''परीक्षेआधी निकाल! कुठल्या शाळेत शिकले हे लोक?'' माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वयंपाकघरातून ''अहो, अकरावा काय वाईट आहे?'' असं विचारलं, त्यावर त्यांनी जेवणाचं ताट दहा मिनिटं गार होऊ दिलं. आणि खरं सांगू? या एका मुद्द्यावर मला त्यांचं पटतं. न खेळता अकरावे म्हणजे काय? मीही रागावलो होतो. नंतर घरी येऊन स्वतःवर रागावलो.

यंदाचा ऑगस्ट मात्र वेगळा होता. मे महिन्यात सई पास झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. कॉलेज संपलं, स्टेडियम संपलं. जूनमधला एक फोन अकरा मिनिटांचा झाला, जुलैतला सहा. ''तिथे गेम असतात का गं?'' असं साडूंनी विचारलं, तर ती म्हणाली, ''बिझी असते बाबा.'' चार्ट साडूंनी यंदा जूनमध्येच काढला होता. दोनदा काढला. आपण नीट बातम्या पुरवल्या तर पोरगी बोलत राहील, नाहीतर पुन्हा ते दीड मिनिट, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि सराव सुरू व्हायला आठवडा असताना बातमी आली की क्वार्टरबॅक टीम सोडून दुसऱ्या कॉलेजात चालला. सई ज्या वर्षी त्या गावात गेली, त्याच वर्षी हाही आला होता. साडूंनी त्याला पहिल्या फेकीपासून पाहिलेला. त्या सकाळी त्यांनी हॉर्न वाजवला तोच निराळा वाजवला. ''चार वर्षं! चार वर्षं खाऊ घातलं, शिकवलं, उभा केला, आणि निघाला? आणि सोडलं कसं त्याला? एनओसी कोणी दिली?'' आमच्या या भागात नोकरी बदलायची म्हणजे जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. साडूंची सगळी हयात त्या काळात गेली. मी म्हटलं, ''अहो, आता इथेही तसं राहिलं नाही. आणि ते विद्यार्थी आहेत, लेबर व्हिसावर नाहीत.'' ''तेच चुकतंय!'' ते गरजले. पुढे माझं ऐकायला ते मनाने गाडीत नव्हतेच.

त्यांनी कोचला पत्र लिहिलं. ऑफिसच्या पद्धतीचं, विषय, संदर्भ, मुद्दे एक ते सहा, असं चोख इंग्रजी पत्र. मी मराठीत सांगतो. विषय: क्वार्टरबॅकला मुक्त करण्याबाबत तीव्र हरकत. मुद्दा एक: त्याच्या जागी बदली माणूस तयार नसताना त्याला सोडलं कसं? मुद्दा चार: सरावात दुपारची सुट्टी. आणि मुद्दा सहा, जसाच्या तसा: ''माझी मुलगी दर रविवारी घरी फोन करते ती तुमच्या टीममुळे. टीम बिघडली तर तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरणार नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.''

ईमेल पाठवताना मुसफ्फात पंचवीस वर्षं काढलेला माणूस ''सीसी''चा रकाना रिकामा ठेवत नाही. हात न धुता जेवायला बसल्यासारखं वाटतं त्याला. ज्याचा ज्याचा संबंध, त्याला प्रत. साडूंनी सवयीने प्रत मला पाठवली, मेहुणीला पाठवली, आणि पत्रात मुलीचा उल्लेख आहे म्हणून मुलीलाही पाठवली. पाठवली आणि विसरले. कॉलेजकडून दोन मिनिटांत उत्तर आलं: आपल्या उत्साहाबद्दल आभार, नव्या हंगामाच्या टोप्या विक्रीस उपलब्ध आहेत. ''मी हरकत घेतोय आणि हे टोपी घालतायत मला!'' साडू तीन दिवस तेच बोलत होते. माझंही रक्त तापलं, हे कबूल करतो. माणूस पोटतिडकीने लिहितो आणि समोरून टोपी येते.

रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे चहाला होतो. साडेपाचला फोन वाजला, साडूंनी स्पीकर लावला, चार्ट पुढे ओढला.

''बाबा, आय गॉट युअर लेटर.''

''कुठलं लेटर?''

''कोचला लिहिलेलं. आय वॉज इन सीसी.''

साडूंचा हात चार्टवरच राहिला. पलीकडे ती एका दमात बोलली. तिने दुसऱ्या वर्षानंतर एकही सामना पूर्ण पाहिलेला नव्हता. दर रविवारी सकाळी उठून दहा मिनिटं बातम्या वाचायची आणि मग फोन करायची. ''यू वर सो हॅपी, बाबा. मी दुसरं काही बोलले तर तू परत अभ्यासावर जायचास.''

आधी त्यांनी चार्ट बाजूला सारला. मग साडू फुटले. ''म्हणजे मी पहाटे उठून वाचतो ते काय मला हौस आहे म्हणून? काय आहे त्या खेळात? पाच सेकंद पळायचं आणि उभं राहायचं! मला क्रिकेट आवडतं, क्रिकेट! हे मी सगळं तुझ्यासाठी करत होतो!''

''मग तू सांगायचंस ना!''

''तू सांगायचंस!''

इथे माझाही तोल गेला. ''आणि मी? मी कोणासाठी ऐकत होतो चार वर्षं? मला नावं पाठ झाली आहेत त्या कार्ट्यांची!'' पण माझं कोणी ऐकेना, कारण मेहुणी ट्रे आपटून उभी राहिली होती. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. ''चार वर्षं मी या फोनसाठी ताटकळतेय. शेवटची दोन मिनिटं मिळतात मला, त्यात ती म्हणते, आई, मला जायचंय. दोघांनाही आवडत नाही तो खेळ? द्या इकडे तो फोन!'' आणि ती फोन घेऊन आत गेली, ती पाऊण तास आतच होती.

पुढचा आठवडाभर गाडीत एक शब्द नाही. साडू समोर बघून गाडी चालवायचे. मला ती शांतता हवी होती ना? सोमवारी बरी वाटली. बुधवारी मी स्वतःहून विचारलं, ''काय म्हणतंय लेफ्ट टॅकल?'' ते म्हणाले, ''काय माहीत.'' मला फार वाईट वाटलं. असा विझलेला माणूस बघण्यापेक्षा तो संतापलेला शतपटीने बरा.

रविवारी फोन आला तो मेहुणीनेच घेतला. नवी खोली, खोकला, ऑफिसातली एक उद्धट बाई, सगळं झालं. मग तिने फोन साडूंच्या पुढे ठेवला.

''बाबा?''

''हां.''

''कसा आहेस?''

''बरा आहे. तू?''

''मी पण.''

 साडू टेबलावरचा नसलेला कचरा बोटाने गोळा करत होते. पलीकडे सईच्या खिडकीबाहेरून एक गाडी गेली, तिचा आवाज आम्हाला ऐकू आला. 'बोला हो काहीतरी', असं ओरडावंसं मला वाटत होतं. फोन ठेवावा असं कोणी म्हणेना, आणि बोलावं काय ते कोणाला सुचेना. शेवटी साडूंनी घसा खाकरला.

''तो नवीन पोरगा आहे ना, क्वार्टरबॅकच्या जागी घेतलेला. त्याचा गुडघा दुखावला परवा.'' मग घाईघाईने, ''सहज दिसलं म्हणून वाचलं. तुला ऐकायचं नसेल तर राहू दे.''

''नाही, सांग ना,'' सई म्हणाली. मराठीतच म्हणाली. ''फार लागलंय का त्याला?''

''सुजलाय बराच. आणि त्या मूर्खांनी दुसऱ्या दिवशी परत मैदानात उतरवला त्याला! अक्कल आहे का? एकोणीस वर्षांचं पोर ते. घरापासून हजार मैल लांब. कोण बघतंय तिथे त्याच्याकडे?''

''आई काळजी करत असेल त्याची.''

''बापही असेल की त्याला,'' साडू म्हणाले.

 मग सई हळूच म्हणाली, ''असेल. आणि त्याला काळजी वाटते तेव्हा तोही असाच ओरडत असेल, बाबा.''