चादरीवर पंधरा मिनिटं

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धोबीखान्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत एक बाई एकतीस वर्षं फाटक्या चादरी शिवत बसली होती. सगळे तिला टाकेमावशी म्हणत. बुटकी, एका पायाने किंचित लंगडणारी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस. दातांत कायम दोरा धरलेला, त्यामुळे काही विचारलं तर निम्मं उत्तर मानेनेच मिळायचं.

नव्या मेट्रनबाईंनी आल्या आल्या प्रत्येकाच्या कामाची मोजदाद केली आणि टाकेमावशीपाशी येऊन अडल्या. दिवसाला फक्त सहा चादरी! मॅनेजरसाहेबांनी गेल्या आठवड्यापासून निम्म्या चादरी बाहेरच्या शिंप्याकडे धाडायला सुरुवात केली होती. तो मशीनवर तासाभरात दहा उरकायचा.

"बाई दुपारी चक्क झोपा काढते म्हणे," साहेब म्हणाले. "एकदा रंगेहाथ पकडा. सोमवारपासून तिला घरी बसवू."

मेट्रनबाई दुसऱ्याच दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी खाली उतरल्या आणि दार ढकललं. टाकेमावशी रुग्णांचा पातळ सदरा घालून, बाकावर चादर अंथरून उताणी पडली होती. डोळे मिटलेले, हात अंगालगत सरळ.

"वा! छान चाललंय!"

"तीन मिनिटं राहिलीत, मॅडम," मावशी डोळे न उघडताच म्हणाली.

मेट्रनबाईंनी संतापून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. तीन मिनिटं झाली तशी मावशी कण्हत उठली, चादरीवरच्या ठिगळाची एक कड बोटाने चाचपली आणि तेवढीच शिवण उसवायला घेतली.

"झाली झोप?"

"झोपायला घरी गादी आहे की! या लाकडावर कशाला येऊ मरायला?" मावशी हसली. मग सुई बाजूला ठेवून म्हणाली, "ज्याला कूस बदलता येते त्याला शिवण टोचली, तर तो सरकतो. ज्याला येत नाही त्याने काय करायचं? म्हणून शिवून झालं की मी वर पडून बघते. पंधरा मिनिटं, अजिबात न हलता. टोचलं की उसवायचं."

"सहाच्या सहा चादरींवर?"

"सहाच्या सहा."

"हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

मावशी ओशाळली. एकोणिसाव्या वर्षी खुबा मोडून ती याच इस्पितळात चार महिने पाठीवर पडून होती. उजव्या खांद्याखाली एक जाड शिवण होती, पण लाजेपायी ती कुणाला बोलली नाही.

"तेव्हा वाटायचं, निदान प्रभूला तरी कळत असेल. त्याच्या पाठीवर चाबकाचे काय कमी वळ उठले होते? मग इथे कामाला लागले आणि पहिल्याच चादरीला मनात आलं, इथे पडणारा प्रत्येक आजारी म्हणजे तोच, ही त्याच्याच पाठीखाली जाणार. म्हटलं, त्यात माझ्या टाक्याची भर नको." तिने शिंप्याच्या गठ्ठ्यातली एक चादर बाकावर पसरली. "पटत नसेल तर पडून बघा."

मेट्रनबाई हट्टानेच बूट काढून आडव्या झाल्या. पाच मिनिटं काहीच जाणवलं नाही. सातव्या मिनिटाला हुळहुळलं. दहाव्या मिनिटाला डाव्या खांद्याखाली कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. त्यांनी खांदा उचलला.

"हलायचं नाही, मॅडम. त्याला हलता येत नाहीये."

मेट्रनबाईंना एकदम दुसऱ्या मजल्यावरचा ट्रकड्रायव्हर आठवला. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, वजनं टांगलेली. कालपासून तो ओरडत होता, "पाठीत मुंगळा चावतोय हो!" आणि राउंडवर असताना त्याच म्हणाल्या होत्या, "मुंगळा तुमच्या डोक्यात आहे. उगाच सिस्टरना छळू नका."

त्या अनवाणीच जिना चढल्या. दोन सिस्टरनी ड्रायव्हरला अलगद उचललं तेव्हा मेट्रनबाईंनी खाली हात घातला. मशीनने मारलेल्या ठिगळाच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढी दोऱ्याची गाठ होती. बरोबर तिच्यावर टेकलेली कातडी लालबुंद झाली होती, फुटायच्या बेतात.

मावशीने शिवलेली चादर घातली. मेट्रनबाई "माफ करा" म्हणायला वाकल्या, तर ड्रायव्हर घोरत होता. त्या खाटेपाशीच उभ्या राहिल्या. बावीस वर्षं त्यांनी आजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना केली होती; त्यांच्या जागी एकदाही पडून पाहिलं नव्हतं. खाली एक बाई मात्र रोज दुपारी सहा वेळा पडत होती, आणि त्याचा गवगवा तिने देवाकडेसुद्धा केला नसावा.

शनिवारी दुपारी मॅनेजरसाहेब स्वतःच तळमजल्यावर आले. चादरींच्या खोलीबाहेर मेट्रनबाई स्टूल टाकून बसल्या होत्या.

"काय, सापडली ना झोपलेली?"

"हळू बोला, साहेब. आत काम चाललंय."

"अहो, मग सोमवारचं काय ठरलं?"

"सोमवारपासून शिंप्याच्या चादरी वरच्या वॉर्डात थेट जाणार नाहीत. आधी मावशी बघतील." मेट्रनबाई उठल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आणि दिवसाला सहा फार होतात. मी त्यांना चारच शिवायला सांगितल्यात."