सर्पगंधेची गोळी

कासार आंबोलीच्या गोजराबाईला रक्तदाब आहे हे पंचावन्न साली कळलं, तेव्हा हा शब्द गावात कुणी ऐकलाही नव्हता. भात लावता लावता ती खाचरात तोंडावर पडली. नवऱ्यानं, कुशाबानं, बैलगाडीत घालून तिला पौडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दंडाला पट्टा आवळला आणि एक बारकी पांढरी गोळी लिहून दिली. "ही आता रोज घ्यायची. थांबवायची नाही."

गोजराबाई कुणाचं ऐकणारी बाई नव्हती, पण गोळीचं तिनं ऐकलं. डोकेदुखी थांबली, कानातली शिट्टी गेली. आठ वर्षं गोळी चालू राहिली, तेवढ्या काळात दोन लेकी नांदायला गेल्या. नाक सारखं चोंदायचं आणि कधी उगाच रडू यायचं, एवढाच काय तो त्रास.

त्रेसष्टच्या दिवाळीनंतर अंघोळ करताना डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती तांब्या हातात धरून तशीच बसून राहिली. तिच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं आणि मावशीचे शेवटचे दिवस तिनं डोळ्यांनी पाहिले होते.

धाकट्या जावेला, साळूबाईला, सोबत घेऊन ती पौडला गेली. "ह्या गोळीनंच तर न्हाई ना झालं?" तिनं डॉक्टरला सरळ विचारलं.

डॉक्टर प्रामाणिक होता, हीच त्याची चूक म्हणायची. "मला तसं वाटत नाही. पण औषध नवं आहे, बाई. वीस वर्षं घेतलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. गोळी मात्र सोडू नका." गाठ काढून तपासायला त्यानं पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

बाहेर कंपाउंडर इब्राहिमभाई गोळ्या मोजत होता. "भाई, कशाची करत्यात ही गोळी?" गोजराबाईनं विचारलं.

"सर्पगंधेची," तो म्हणाला. ती एक झाडाची मुळी आहे, हेही त्यानं सांगितलं असतं, पण आतून डॉक्टरची हाक आली आणि तो उठून गेला. त्या एका वाक्याची उणीव पुढं फार महागात पडली.

वाटेत साळूबाईनं अक्कल पाजळली. "आक्का, सर्प म्हंजी साप की वं. आठ वर्सं इख पोटात घालताया तुमी. साचून साचून गाठ व्हनार न्हाई तर काय?"

गोजराबाईला ते पटलं. डॉक्टरच्या 'पाहिलेलं नाही'पेक्षा साळूबाईचं 'साचलं' तिला खरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी मोरीत टाकायला सुरुवात केली. कुशाबानं विचारलं की "घेतली" म्हणायची. पुण्याला गाठ काढली. निकाल यायला तीन आठवडे लागणार होते. दरम्यान डोकं ठणकू लागलं, कानात पुन्हा शिट्टी वाजू लागली.

"इख उतरतंय," साळूबाई म्हणाली. गोजराबाईला चक्क बरं वाटलं.

एका दुपारी तांदूळ पाखडताना तिच्या हातातलं सूप निसटलं. ती ते उचलायला वाकली ती उठलीच नाही. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा बसली.

चौथ्या दिवशी कुशाबा पुण्याहून निकाल घेऊन आला. "साधी गाठ हाय म्हनं. कॅन्सर न्हाई." गोजराबाईला सगळं समजत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला डावा हात तेवढा उरला होता. घरी आलेल्या डॉक्टरनं विचारलं, गोळी बंद केली होती का? "न्हाई, रोज घेत व्हती की," कुशाबा म्हणाला. दारात उभी साळूबाई हे ऐकून परसात निघून गेली.

उन्हाळ्यात साळूबाईला भोवळ येऊ लागली. पौडच्या डॉक्टरनं तिलाही तीच गोळी दिली. ती गोजराबाईच्या अंथरुणाशी येऊन बसली, तळहातावर गोळी धरून.

"आक्का, खरं सांगा. घिऊ का नगं?"

घे, असं गोजराबाईला सांगायचं होतं. जिवाच्या आकांतानं तिनं तोंड उघडलं. घशातून नुसता घरघराट बाहेर पडला, डोळे विस्फारले आणि डावा हात गोळीकडं झेपावला.

साळूबाईनं ते डोळे, तो हात पाहिला आणि तिला जो अर्थ आधीच माहीत होता तोच घेतला. "समजलं," ती म्हणाली आणि गोळी उंबऱ्याबाहेर फेकून दिली.