कुजबुजीची तपासणी

आमच्या बुऱ्हाणपुरातले हे कान-नाक-घशाचे डॉक्टर मुळातच हळू बोलतात. कानात तेल ओतून आलेल्या केळीवाल्यालाही त्याच आवाजात सुनावतात, "भाऊ, तेल भज्यांसाठी असतं. कानानं काय बिघडवलं तुमचं?" ऐकू येतं का ते तपासायची मशीन आली तरी ते पेशंटच्या मागे उभे राहून गावांची नावं कुजबुजतात. पेशंटनं ती मोठ्यानं परत म्हणायची.

माझ्या मुलीच्या डाव्या कानाचा पडदा फाटला, तेव्हा मी त्यांना सांगितलं की ती बाथरूममध्ये पडली. खरं म्हणजे मार्कांवरून मी तिच्या थोबाडीत मारली होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगी खाली बघत राहिली. डॉक्टरांनी आधी कान पाहिला, मग माझा उजवा हात पाहिला, आणि नुसतं "हं" म्हणाले.

तीन महिन्यांनी पडदा भरून आला. शेवटच्या तपासणीला त्यांनी समोर बसून तिचा उजवा कान दाबून धरला. "आज तुम्ही मागं उभे राहा, भाऊ. बोला काही पण, धीरेसे."

"खकनार," मी कुजबुजलो.

"खकनार," ती म्हणाली.

"धूलकोट."

"धूलकोट."

"मी मारलं तुला. चुकलं माझं."

हे तिनं परत म्हटलं नाही. मागे वळून माझ्याकडे बघत राहिली, तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

डॉक्टरांनी तिच्या कानावरचा हात काढला. "आता असंच हळू बोलत जा, भाऊ," ते म्हणाले. "तिला ऐकू येतं."