कोपऱ्यातली खुर्ची

न्यायालयाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, मध्यस्थी केंद्राच्या तीन खोल्या होत्या. तिथे नव्या मध्यस्थांना घडवणाऱ्या बाईंना शिकाऊ मंडळी पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

त्या पूर्वी याच न्यायालयात कारकून होत्या. नवरा-बायकोंच्या नावांचा पुकारा करता करता त्यांना कळून चुकलं, की निकालापेक्षा माणसं कुणीतरी ऐकून घ्यावं म्हणून झुरतात. मग त्या स्वतः शिकल्या. घरी नवरा चिडवायचा, “जगाचे तंटे मिटवतेस, माझं नि तुझ्या भावाचं तेवढं राहू दिलंस!”

“तुमचं मिटलं तर तुम्ही दोघं बोलणार काय?” असं म्हणून त्या चप्पल घालायच्या.

वर्गात त्यांचा हट्ट एकच. एका पक्षाला बंद खोलीत भेटलात, की उठण्याआधी विचारायचं, “यातलं पलीकडे काय सांगू?” सांगा म्हणतील तेवढंच न्यायचं. बाकीचं गिळायचं, अगदी चांगली बातमीसुद्धा. आणि नवा माणूस काम करत असताना कोपऱ्यात बसलेल्या गुरूने तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाच घातला होता. मध्येच टोकलेला शिकाऊ पुन्हा उभा राहत नाही, असा त्यांचा अनुभव.

त्या दिवशी काम पाहत होती ती आधी बालवाडीत शिकवणारी, लाघवी मुलगी. प्रकरण नाजूक होतं. मार खाऊन बाहेर पडलेली बायको लेकीला घेऊन लपून राहत होती. बापाने लेकीला कधी नि कुठे भेटायचं, एवढंच ठरवायचं होतं. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसले होते; आईशी आधी बोलून झालं होतं.

बाप अडून बसला होता. “दर रविवारी, माझ्या घरी. नाहीतर चाललो मी.”

“दादा, ती मजेत आहे हो,” शिकाऊ मुलगी त्याला निववायला म्हणाली. “आता पोहायलासुद्धा लागलीय.”

कोपऱ्यात बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पण स्वतःचा नियम आठवून परत बसल्या.

“पोहायला? पाण्याला किती घाबरायची!”

“आता नाही घाबरत. रोज शाळेआधी जाते.”

बाप खाली बघत राहिला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, “बरं. महिन्यातून एकदा, इथेच, तुमच्यासमोर. चालेल मला.”

मुलीचा चेहरा फुलला. बाई मात्र खुर्चीतून उठल्या. शहरात पोहण्याचा तलाव एकच चालू होता, नि त्याच्या शेजारी शाळाही एकच. आणि इतका अडलेला माणूस एकदम सगळं सोडतो, तेव्हा त्याला हवं ते दुसरीकडे मिळालेलं असतं.

त्यांनी मुलीला बाहेर बोलावलं. “पोहण्याचं सांगू का, हे तिला विचारलं होतंस?”

मुलीचा रंग उडाला. “नाही... पण त्याला कळलंही नसेल, बाई. आधी सही होऊ दे ना.”

“आणि कळलं असेल तर? चल, तिला सांगू या.”

दोघी आईच्या खोलीत गेल्या. मुलीने रडत रडत सांगितलं. बाई म्हणाल्या, “मी तिथेच बसले होते. पहिल्याच शब्दाला थांबवता आलं असतं. नाही थांबवलं.”

आई ओरडली नाही. तिने पर्स खांद्याला अडकवली. “तो अजून आत आहे?”

“आहे.”

“मग तेवढा वेळ बसवून ठेवा त्याला. मी लेकीला शाळेतून घेते.”

मुलगी परत आत गेली आणि मसुद्यातलं कलम न् कलम सावकाश वाचू लागली. तिसऱ्या कलमाला बाप उठला. “सही नंतर करतो. मला काम आहे.” दारात आडव्या आलेल्या बाईंना बाजूला सारून तो जिना उतरला. बाईंनी तिथूनच शाळेला आणि पोलिसांना फोन लावले.

संध्याकाळी आईचा फोन आला. “मिळाली. तो शाळेच्या गेटपाशी पोचला तेव्हा आम्ही मागच्या दाराने निघालो होतो. आता हे शहर सोडतोय.”

“कुठे...” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“ते तुम्हाला नाही सांगणार, ताई.”

“नका सांगू,” बाई म्हणाल्या.

फोन कट झाला. समोर मुलगी बसली होती, डोळे सुजलेले. “मला का नाही थांबवलंत, बाई?” तिने विचारलं. बाईंनी कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि टेबलापाशी, तिच्या शेजारी आणून ठेवली.